उपासातली डुकराची पंगत

तीर्थरूप नीकोदिमदादास धाकट्या सावेताचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? माझं म्हणशील तर मी ठणठणीत, सकाळीच विहिरीवरून दोन बादल्या आणल्या. पण डोकं भडकलंय, आणि तेही आपल्या नव्या फादर इलारियेंमुळे.

काल इग्नात संताचा दिवस, म्हणजे डुक्कर कापायचा. तो नाताळच्या उपासातच येतो, हे काही मी ठरवलेलं नाही. कापायला आलेल्यांना तिथल्या तिथे ताजं मांस तळून वाढायचं, ही आपल्या आज्ज्यापासूनची रीत. (आधीचे म्हातारे फादर तर पहिलं ताट स्वतः घ्यायचे, देव त्यांना सुखात ठेवो.) या नव्यांनी रविवारी बजावलं, कापा, पण नाताळपर्यंत तोंडात घालू नका. मी आपली आज्ञाधारक, घेवड्याची उसळ शिजवली. शेजारचा तोआदेर दोघा भावांना घेऊन आला, डुक्कर मारलं, पेंढा पेटवून अंगावरचे केस जाळले, आणि मग मेल्याने पातेल्यावरचं झाकण उचललं. लगेच एकाला घरची आजारी गाय आठवली, दुसऱ्याला दाढ. अंगणात दोनशे किलोचं न फाडलेलं डुक्कर आणि मी एकटी! काय करणार होते, सांग. कढई चढवली. वास सुटला तशी गाय बरी झाली, दाढही.

त्याच वासावर फादरही आले. मी म्हटलं, शास्त्रात मांसाला बंदी कुठे आहे ते दाखवा. संत पेत्रापुढे देवाने आभाळातून चादरभर जनावरं सोडली आणि म्हणाला, ऊठ, मारून खा. तोआदेरने तोंडात घास असतानाच मान डोलावली.

फादर शांतपणे म्हणाले, "सावेताबाई, मांसाला बंदी नाहीच. पाच दिवस थांबा, एवढंच सांगितलं होतं."

वर म्हणाले, सूट फक्त आजाऱ्याला आणि बाळंतिणीला, तुम्ही दोन्ही दिसत नाही, तेव्हा नाताळला ख्रिस्तप्रसाद नाही. (त्या तिघांचं काय जातंय, ते ईस्टरशिवाय चर्चकडे फिरकत नाहीत.) दादा, चाळीस वर्षं मी प्रसादाला पहिली उभी राहते. आता तोआदेरच्या बायकोने माझ्या जागी उभं राहायचं? मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी तर घासही खाल्ला नव्हता.

तुझी,
सावेता

ता. क. मीठ बघायला एक तुकडा चाखला. दोन.

आणखी ता. क. तू डॉक्टर आहेस. सावेता महिनाभर आजारी आहे, असा दाखला नाताळच्या आत पाठव. आजार तूच निवड, पण त्यात पाणी ओढता आलं पाहिजे, फादरांचं घर विहिरीसमोरच आहे. पत्रातलं 'ठणठणीत' खोडून टाक. सोबतच्या डब्यात सॉसेज आहेत. नाताळपर्यंत हात लावू नकोस, गुडघा आजारात धरत नाहीत.