‘थांबा’ म्हणायला एक माणूस लागतो

मी, खाली सही करणारी, वय अठरा वर्षं नऊ दिवस, धंदा गंज खरवडणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गाठ आहे ती कानामागे आहे, डोक्यात नाही. कुणी धाक दाखवून किंवा गोड बोलून हे लिहून घेतलेलं नाही. मी लिहितेय हेच घरात कुणाला माहीत नाही. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्ट मावशींना तेवढं माहीत आहे. त्या म्हणाल्या, “अठराच्या आत लिहिलंस तर त्याला काही अर्थ नाही बाई.” म्हणून वाढदिवस होईस्तोवर थांबले. टाईप नको, हातानेच लिहिते म्हटलं. शाळा नववीत सोडली, पण अक्षर बरं आहे.

गुरुवारी सकाळी माझं ऑपरेशन आहे. डाव्या कानामागे बोराएवढी गाठ आहे. डॉक्टरांनी ज्या कागदावर सही घेतली त्यात होतं की डावा कान जाऊ शकतो. त्याच्या खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ होती. ती आईने वाचली नाही, मी वाचली.

तर माझ्यामागे असं करावं.

१. गाडी माझी नाही, त्यामुळे ती मला कुणाला देता येत नाही. ती आजोबांची लाँड्रीची व्हॅन. गोल नाक, दोन डोळे, मागे दोन कवाडं. सगळे तिला म्हातारी म्हणतात. आजोबांनी ती बाबांना दिली आणि बाबांनी ती बारा वर्षं ताडपत्रीखाली ठेवली. मी शाळा सोडल्यावर एके दिवशी बाबांनी ताडपत्री ओढली आणि म्हणाले, “चल, तुला बोलायला लागणार नाही असं काम देतो.” त्या दिवसापासून तिच्यावर झालेलं काम तेवढं माझं आहे.

हे मावशींना दाखवायचंय, त्यांना कळावं म्हणून लिहिते. म्हातारी सध्या दोन तुकड्यांत आहे. चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, भिंतीकडे स्टँडवर आहे. तो पूर्ण झालाय. गंज काढला, दोन ठिकाणी नवा पत्रा वेल्ड केला, वर काळा रंग. वाकून बघितलं तर त्यात तोंड दिसतं. बॉडी, म्हणजे वरचा सगळा पत्रा, खिडकीकडे लाकडी ठोकळ्यांवर आहे. ती पूर्ण झालेली नाही. अकरा महिने ती तशीच बसून आहे. येत्या रविवारी बाबांनी भंगारवाल्याला बोलावलंय.

रविवारी मी आयसीयूत असेन किंवा वॉर्डात असेन किंवा कुठेच नसेन. हा कागद त्या रविवारसाठी आहे.

२. माझा गॉगल, मोजे आणि पॉलिश पेपरची पिशवी धाकट्या भावाला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो कारण तो हळू बोलूच शकत नाही. ग्राइंडरला त्याने सोळाचा होईस्तोवर हात लावायचा नाही. त्याला अजून एक देते. डाव्या मागच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, तळहाताएवढी जागा मी रंगवायची नाही असं ठरवलंय. तिथे पेपर मारता मारता एकाखाली एक रंग निघाले. वर राखाडी, मग हिरवा, मग निळा, मग साईसारखा पांढरा, आणि मधोमध नुसता चकचकीत पत्रा. तळ्यात खडा टाकल्यावर उमटतात तशी वर्तुळं. भोंग्या, निळ्या रंगाच्या वेळी बाबा तुझ्याएवढे होते. ती जागा तुझी. पुट्टी लावू देऊ नकोस कुणाला.

३. आईला माझा पैशांचा डबा. त्यात जे आहे त्यातून दारांची रबरं आणायची, दुसरं काही नाही. आणि गाडीच्या तळाची एक फळी मी बाजूला काढून ठेवलीय. उन्हात धरली की तिला अजून इस्त्रीच्या कपड्यांचा वास येतो. आई, तू नेहमी म्हणतेस, “त्या खटाऱ्यात आहे काय एवढं?” एकदा नाक लावून बघ.

आईला अजून एक सांगायचंय. दुपारी जेवून मी कुठे जाते विचारायचीस ना. बॉडीत जाऊन झोपायचे. छताला गंजाने बारीक बारीक भोकं पडलीत. खिडकीतून दुपारचं ऊन आलं की ती सगळी पेटतात आणि माझ्या अंगावर ठिपके पडतात, पोटावर, हातावर. ऊन सरकलं की ठिपके सरकतात, आणि वाटतं की गाडीच चाललीय. चाकं नाहीत, इंजिन नाही, खाली ठोकळे, तरी चाललीय. मी खूप लांब जाऊन यायचे. रस्ता पांढराशुभ्र, घडी मोडलेल्या चादरीसारखा. आजोबा गाडी चालवत असायचे आणि मागे वळून काही विचारायचे नाहीत. चार वाजता तू हाक मारलीस की परत.

४. नववीच्या वर्गशिक्षिका बाईंना माझा राग देते. त्या रोज मला उभं करून धडा वाचायला लावायच्या, आणि माझा आवाज फुटला नाही की म्हणायच्या, “सगळ्यांनी थांबा, महाराणी वाचतील तेव्हा तास संपेल.” चार वर्षं तो राग मी सांभाळला. आता जागा अडते. त्यांनी त्याचं काय वाटेल ते करावं.

५. हे कलम मोठं आहे. हे लिहायचं म्हणूनच बाकीचं लिहिलंय.

आमच्याकडे पत्र्याचं काम डेंटरकाका करायचे. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. काकाही फार बोलत नाहीत, त्यांची हातोडी बोलते. चांगल्या पत्र्यावर टिचकी मारली की ठण्ण. आत पुट्टी भरून लपवलं असेल तर ठप्प. ते म्हणायचे, “डेंट बाहेरून दाबून जात नाही गं पोरी. आतून हात घालावा लागतो.” मला काम त्यांनी शिकवलं.

अकरा महिन्यांपूर्वी बॉडी चासीवरून उचलायची होती. दाराखालचा दोन्ही बाजूंचा पत्रा गंजून गेला होता, तो आम्ही कापून काढला होता. गाडीचा तो पत्रा म्हणजे कंबर. ती कापली की दाराच्या चौकटीत आधी तिरक्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात, नाहीतर उचलताना बॉडी मधोमध वाकते. काका दोन दिवस बहिणीकडे चालले होते. जाताना मला म्हणाले, “मी येईस्तोवर उचलू नका. उचलायचीच झाली तर पट्ट्या मारल्याशिवाय नाही. बाबांना सांग. सांगशील ना?”

मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी बाबा कुणाकडून तरी साखळीची कप्पी घेऊन आले. खूश होते. म्हणाले, “आजच्या दिवसापुरती दिलीय, उरकून टाकू!” भोंगा नाचायला लागला. शेजारचे चारजण बघायला आले. एवढी माणसं. बाबांनी साखळीला हात घातला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “काही राहिलंय का गं?”

मी नाही म्हणून मान हलवली.

का हलवली ते मला अजून कळलेलं नाही. शब्द तोंडात होता. ‘थांबा’. एवढाच. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला नववीचा वर्ग दिसला.

बॉडी वर गेली. दोन श्वास ती हवेत तरंगली, इतकी हलकी, की मला वाटलं हिला कशाचीच गरज नाही, जाऊ दे हिला छतातून वर. मग मधून कड्क असा आवाज आला. डाव्या दाराची वरची फट मिटली आणि खालची तीन बोटं उघडली. बॉडी मधोमध बसली. दार आजतागायत लागत नाही.

काका परत आले तेव्हा बाबा त्यांच्यावर तुटून पडले. “तुला एका शब्दाने सांगता आलं नाही? पट्ट्या लागतात म्हणून?”

काका म्हणाले, “मी तर सां...” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होते. मग ते म्हणाले, “विसरलो असेन.”

“विसरलास? बापाची गाडी आहे ती माझ्या!”

“विसरलो असेन म्हटलं ना.”

त्यांनी हातोड्या पिशवीत भरल्या आणि गेले. चाळीस वर्षांची दोस्ती. अकरा महिने दोघं एकाच रस्त्यावरून जातात आणि एक जण फुटपाथ बदलतो.

बाबा, ते विसरले नव्हते. त्यांनी मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही नाही.

हे मी पुढे ढकलत राहिले. परवा वाटलं की ऐकायचा कान जायच्या आधी तोंड उघडावं. उघडलं नाही, म्हणून कागद.

६. बॉडी भंगारात द्यायची नाही. ती सरळ होते. मी मापं घेतलीत, चित्र खिडकीच्या काचेला चिकटवलंय. बॉडीच्या मधोमध, खाली जाड फळी ठेवून जॅक लावायचा. एकेक पाव आटा फिरवायचा, घाई नाही. दाराच्या चारही बाजूंना पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आली की थांबायचं, आणि जॅक न काढता चौकटीत तिरक्या पट्ट्या वेल्ड करायच्या. त्यानंतर कंबर.

पण हे एकट्याचं काम नाही. जॅक फिरवणाऱ्याला खालून दार दिसत नाही. दाराशी एक माणूस उभा लागतो, फटीवर नजर ठेवून. त्याने वेळेवर ‘थांबा’ म्हणायचं. नाही म्हटलं तर बॉडी उलट बाजूला वाकते.

७. बाबांना: काही नाही.
डेंटरकाकांना: काही नाही.

राग मानू नका. मावशी म्हणाल्या की सहीला दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार तुम्ही दोघंच हवे होता. म्हणून तुम्हाला काही ठेवलं नाही. काकांची जुनी हातोडी माझ्याकडे राहिली होती, तीसुद्धा मी त्यांना देत नाही, कारण ती मुळात त्यांचीच आहे. खिळ्याला टांगलीय.

दोघांना वेगवेगळ्या चिठ्ठ्या पाठवते, सोमवारी चार वाजता गॅरेजमध्ये या, एका सहीचं काम आहे. दुसरं कोण येणार ते लिहीत नाही. साक्षीदाराने आतलं वाचलंच पाहिजे असं नाही म्हणे. पण इथे वाचायचं. पाचवं कलम मोठ्याने. मी समोर उभी राहीन. पळणार नाही.

८. मी परत आले तर वरचं सगळं रद्द, पाचवं आणि सहावं सोडून. गॉगल मला परत पाहिजे.

डॉक्टर म्हणाले, सुईनंतर दहापासून उलटं मोजायचं. मी मोजणार नाही. मी बॉडीत झोपलेय असं समजेन, अंगावर ठिपके असतील, ते सरकायला लागतील. काळजी करू नका. चार वाजता आई हाक मारते, तेव्हा मी येतेच.

ठिकाण: गॅरेज, बॉडीच्या डाव्या दाराशी.
सोमवार, बारा तारीख, संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. (वाचायला चारला सुरू केलं होतं. पाचव्या कलमाला वेळ लागला.)

लिहून देणार: सही

साक्षीदार पहिला, डेंटर: सही
विसरलो नव्हतो. पण एवढा मोठा निरोप लेकराच्या हाती द्यायला नको होता, स्वतः चार पावलं यायला हवं होतं. हातोडी मिळाली. दांडा सैल केलाय पोरीने, बसवून घेतो.

साक्षीदार दुसरा, मुलीचा बाप: सही
पट्ट्या नाहीत हे मलाही दिसत होतं. कप्पी संध्याकाळी परत द्यायची होती. त्याच्यावर ओरडलो कारण स्वतःवर ओरडता येत नव्हतं. भंगारवाल्याला आत्ता फोन केला, येऊ नको म्हणून. जॅक लावून ठेवतो, फिरवत नाही. डेंटर म्हणतो, ‘मी उभा राहतो दाराशी’. मी नको म्हटलं. दाराशी ती उभी राहील. उजव्या कानाने ऐकत असली तरी चालेल. ‘थांबा’ तिनेच म्हणायचं.