टँकरच्या सावलीतली फायनल

गुरुवार, ५ डिसेंबर १९९६
रविवारी सॉफ्टबॉलच्या फायनलला आमची लेक ईश्वरीच पिचिंग करणार, म्हणजे बॉल टाकणार. बातमी पक्की. तिचे कोच उदयसिंह सर यांनी स्वतः कन्फर्म केली, भाजी मार्केटात, हातात मेथीची जुडी असताना. ईश्वरीने हे काल सेमी फायनल जिंकून आल्यावरच सांगितलं होतं. पण घरच्या माणसाने सांगितलं तर त्याला कन्फर्म म्हणत नाहीत.

दुसरी बातमीही सरांचीच. युनिव्हर्सिटीचा एक सिलेक्टर मॅच बघायला येणार आहे. नाव सांगितलं नाही. पोरींना टेन्शन येतं म्हणाले. मी म्हटलं, मी काय पोरगी आहे का? सर म्हणाले, तुमचं तर जास्तच येतं.

चारुलताने जेवताना अट घातली. यंदा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव आलं तर खेळ चालू. नाही आलं तर जानेवारीपासून रोज संध्याकाळी वाशीला कॉम्प्युटर क्लास, आणि ग्लोव्ह माळ्यावर. मी ईश्वरीच्या वतीने लगेच मान्य करून टाकलं. ईश्वरी प्रॅक्टिसला गेली होती. काळजीचं कारण नाही. मी जातीने ग्राउंडवर असणार आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर
सॉफ्टबॉलचा अभ्यास पूर्ण. दुपारी महाप्याला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना समजावून सांगितलं. बॉल खालून हात फिरवून टाकायचा. तीन स्ट्राइक झाले की बॅटर आउट. चार बॉल बाहेर गेले की बॅटरला पहिला बेस फुकट. चार कोपरे फिरून घरी आलं की रन. बाकी किरकोळ.

खरा अभ्यास लागतो तो बसण्याचा. हे लोकांना कळत नाही. मार्चमध्ये वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला मी बुटक्या स्टुलावर, उजवा पाय डाव्यावर. चारुलता स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात झारा. मेहुणा अभिराम नावड्याहून आलेला, तो मोरीकडच्या भिंतीला टेकून. कोणाला हलू दिलं नाही. जिंकलो. सेमी फायनलला तीच रचना लावली होती, पण अभिराम पाणी प्यायला उठला. पुढचं सगळ्या देशाला माहीत आहे. अभिरामशी मी अजून मोजकंच बोलतो.

शनिवार, ७ डिसेंबर
ईश्वरीच्या तीन अटी. तोंड उघडायचं नाही. सरांना सल्ला द्यायचा नाही. आणि, बाबा, मला दिसणार नाही असं कुठेतरी बसा.

तिसरी अट मनाला लागली. कारण विचारलं. म्हणाली, गेल्या वर्षी तुम्ही कुंपणाला लागून उभे राहून दोन्ही हातांनी मला शांत राहायच्या खुणा करत होतात, त्यात मी लागोपाठ चार जणींना फुकट बेस दिले. मी म्हटलं, खुणा केल्या नसत्या तर आठ दिले असतेस. ती म्हणाली, आई, यांना सांग.

संकल्प: शांत राहणे. बीपीची गोळी नाश्त्यानंतर लगेच. तोंड बंद ठेवायचं तर हाताला काम हवं, म्हणून उद्या ही डायरी बरोबर नेणे.

रविवार, ८ डिसेंबर. सकाळ, ग्राउंडवर
तिसऱ्या अटीचं उत्तम पालन. पहिल्या बेसच्या पलीकडे, मैदानाच्या कडेला पाण्याचा टँकर उभा आहे. सकाळी माती भिजवून ड्रायव्हर किसन चहाला गेला तो गेलाच. टँकरच्या मागे सिमेंटची पायरी आहे, सावलीही आहे. इथून ईश्वरीला मी दिसणं शक्य नाही. मला समोर टँकर, उजवीकडे मैदानाचा कोपरा आणि लांबवर स्कोअरबोर्ड. कोपऱ्यात आमच्याच सोसायटीतली सुनयना फिल्डिंगला उभी आहे. पुरेसं आहे.

समोर ठाण्याची टीम. गोळी घरी राहिली.

दुसरी इनिंग संपली
ठाणे तीन, आपण शून्य. टँकरच्या पलीकडून ओरडा येतो, कोणाचा ते कळत नाही. ईश्वरीचं काहीतरी बिनसलंय. सरांना जाऊन सांगावं का? नको. दुसरी अट. डावा पाय उजव्यावर घेऊन बघितला. काही फरक नाही. पायरी गार आहे, तेही कारण असेल. खाली पेपर घातला.

तिसरी इनिंग
एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, छत्री, गळ्यात शिट्टी. म्हणाले, जरा सावलीला टेकतो, उशीर झाला, वाशीच्या ग्राउंडवरून येतोय. रविवारी सकाळी वाशीहून नेरूळला चालत येणारा माणूस म्हणजे रिटायर्ड. शिट्टी कुत्र्यांसाठी असणार. जागा करून दिली.

ते टेकले आणि पलीकडे एकच गलका. आपले तीन रन. तीन-तीन.

योगायोग म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी अनुभवी माणूस आहे.

चौथी इनिंग
गृहस्थ उठले. म्हणाले, जाळीमागे जातो, पिचर बघायचाय. बॅटरच्या मागे जाळी आहे, तिथून बॉल समोरून येताना दिसतो म्हणे. मी म्हटलं, तिथे ऊन फार. ते म्हणाले, चालेल, छत्री आहे. टँकरच्या टोकापर्यंत पोचले असतील नसतील, तोच ठाण्याची पोरगी घरी. चार-तीन.

मी धावत जाऊन त्यांची बाही धरली. सगळं समजावून सांगितलं. स्टूल, झारा, मोरी, अभिराम. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, सेमी फायनलला आमच्याकडे माझी बहीण उठली होती. दारावर दूधवाला आला होता.

परत येऊन बसले. थालीपीठ दिलं. लोणी नाकारलं नाही.

चौथीची आपली बॅटिंग
दोन रन. पाच-चार, आपण पुढे. आता प्रश्न मिटला.

जरा वेळाने पोरींपैकी एक राखीव खेळाडू धावत आली. सर, तुमच्यासाठी जाळीमागे खुर्ची ठेवलीय. मला या वयात कॉलेजची मुलगी सर म्हणते, बरं वाटलं. पण म्हटलं, मला नको, मी इथेच बरा आहे. ती माझ्याकडे बघे, त्यांच्याकडे बघे. गृहस्थांचं तोंड थालीपिठाने भरलेलं होतं, त्यांनीही हातानेच नको म्हटलं. ती गोंधळून परत गेली. हल्लीच्या मुली लाजाळू.

पाचवी
किसन ड्रायव्हर टँकर हलवायला आला. पाच-चार असताना. ग्राउंडवाले ओरडताहेत म्हणाला, मधे येतोय लोकांच्या. मी त्याला मॅच संपेपर्यंत चावीला हात लावू नकोस म्हटलं, थर्मासमधला चहा पाजला. किसन म्हणाला, साहेब, हितून तुमाला दिसतं तरी का काय? मी म्हटलं, स्कोअर दिसतो.

गृहस्थांना बोलायला विषय म्हणून सुनयनाची माहिती दिली. दिसत तीच होती. चपळ, शब्दाला पक्की, चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट बंद असते तेव्हा धावत चढते. ते म्हणाले, आणि पिचर कोण? अभिमानाने सांगितलं, माझीच मुलगी. कशी टाकते? मी म्हटलं, उत्तम. ऐकू येतंय ना तुम्हाला?

अंपायर तेवढ्यात स्ट्राइक म्हणाला. तो तिचाच.

सहावी
पाच-चार कायम. गोळी आठवली. माझ्या उजव्या पायाला मुंग्या आल्या आहेत, गृहस्थांच्या दोन्ही. मला दया आली. म्हटलं, हवं तर उभे राहून पाय मोकळे करा, हात पायरीला टेकलेला ठेवा म्हणजे झालं. ते म्हणाले, नको. आता रिस्क नको.

मोठा माणूस आहे.

सातवी, शेवटची
दोघी आउट. तिन्ही बेस भरलेले. हे सगळं किसनने सांगितलं, तो टँकरवर चढून बसलाय. ईश्वरीचे तीन बॉल बाहेर गेलेत म्हणाला. अजून एक गेला की घरी फुकट रन, बरोबरी. किसन म्हणाला, पोरगी इकडं टँकरकडंच बघतीया. मी म्हटलं, तिला माझा आधार वाटत असेल.

किसन ओरडला, मारला, बॉल

संध्याकाळ, घरी
जिंकलो. पाच-चार.

शेवटचा बॉल ठाण्याच्या पोरीने उंच मारला. टँकरच्या वरून आभाळात दिसला, आमच्याच कोपऱ्याकडे आला, आणि सुनयनाने धावत येऊन, पडून, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर पकडला. अप्रतिम. आम्ही दोघे उठलो तेव्हाच उठलो. गृहस्थ एका पायावर उभे राहून म्हणाले, काय कॅच घेतला हो. मी म्हटलं, मी सांगितलं नव्हतं? ते लंगडत सरांच्या दिशेने गेले. नाव विचारायचं राहिलं.

ईश्वरी घरी येऊन अंघोळ करून झोपली. विजयाचा थकवा. चारुलताला मी आजच्या मॅचमधला माझा वाटा सविस्तर सांगितला. ती म्हणाली, त्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती म्हणालात ना? मी म्हटलं, कुत्र्यांसाठी. तिने गॅस बारीक केला.

सोमवार, ९ डिसेंबर
युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये सुनयनाचं नाव आहे. ईश्वरीचं नाही. सुनयनाची आई पेढे घेऊन आली. जिन्यातून उतरताना म्हणाली, भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडायचे.

सिलेक्टरचं नाव नंदकिशोर. पांढरी टोपी वापरतात.

उदयसिंह सर येऊन गेले. चहा घेतला नाही. नंदकिशोर सर त्यांना म्हणाले, जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच मी लिहू शकतो. उजव्या कोपऱ्यातली मुलगी बघितली. पिचर बघितलीच नाही. सरांनी विचारलं, मग जाळीमागे का आला नाहीत? ते म्हणाले, मी उठलो असतो तर तुम्ही हरला असता.

मी म्हटलं, बघा, त्यांना पटलं होतं. उदयसिंह सर म्हणाले, साहेब, आता तुमी गप बसा फक्त.

तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर चूक ग्राउंडवाल्यांची आहे. टँकर तिथे उभा करायचाच कशाला?

मंगळवार, १० डिसेंबर
चारुलताने क्लासचा फॉर्म आणला. ग्लोव्ह माळ्यावर ठेवायला स्टूल मागितलं. तेच बुटकं स्टूल. मी म्हटलं, पाय मोडलाय त्याचा. तिने वर चढून बघितलं. नाही मोडलेला.

रात्री ईश्वरी जेवायला बसली तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, तूच म्हणालीस ना, मला दिसू नका. मी तुझी अट पाळली.

ती म्हणाली, मी म्हटलं, तुम्ही मला दिसू नका. मी तुम्हाला दिसू नये असं कधी म्हटलं?

मग म्हणाली, बाबा, मी सात इनिंग टाकल्या. तुम्ही किती बघितल्या?

मी म्हटलं, सगळ्या. म्हणजे स्कोअर सगळा.

ती भात कालवत राहिली. आमटी वाढायची राहिली होती, कोरडाच कालवत होती. मी आमटी वाढली. नको म्हणाली नाही.

गुरुवार, १२ डिसेंबर
मार्ग निघाला. उदयसिंह सरांनी फोनवर कन्फर्म केलं. पिचरची एक जागा रिकामी आहे. रविवारी सकाळी त्याच ग्राउंडवर ट्रायल. नंदकिशोर सर येणार, या वेळी सरळ जाळीमागे, खुर्ची आधीच मांडलेली. चारुलताने फॉर्म सोमवारपर्यंत कपाटात ठेवायचं कबूल केलं. फाडला नाही. कपाटात.

मी सुचवलं, रविवारी मी नावड्याला अभिरामकडे जातो, तिकडे मोरीकडची भिंत आहे. माझ्या मते हा त्याग होता. ईश्वरीने नाही म्हटलं. तिच्या नव्या अटी: बाबांनी यायचं. जाळीमागे उभं राहायचं, बसायचं नाही. आणि दर पाच बॉलला जागा बदलायची. आई बरोबर असेल, ती हलवेल.

मी म्हटलं, जागा बदलली आणि तुझा बॉल बाहेर गेला तर?

ती म्हणाली, तर तो माझा गेला असेल.

शनिवार, १४ डिसेंबर
गॅलरीत हलण्याची प्रॅक्टिस केली. आत टीव्हीवर मॅच चालू होती. दोन पावलं उजवीकडे गेलो, आपली विकेट पडली. परत आलो, दुसरी पडली. चारुलता म्हणाली, आता? मी म्हटलं, अभ्यास चालू आहे.

संध्याकाळी नंदकिशोर सरांचा फोन आला होता. उद्याची वेळ सांगितली. मग जरा घुटमळले. विचारत होते, खुर्ची जाळीच्या मध्यावर बरी, की थोडी डावीकडे? मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात ईश्वरीने फोन माझ्या हातातून घेतला. म्हणाली, सर, जिथून मी दिसेन तिथे.

उद्या सकाळी ट्रायल. चारुलता माझं कोपर धरून मला हलवणार आहे. ईश्वरी बॉल टाकणार आहे. तो मी बघणार आहे, असं अपेक्षित आहे. कसा टाकते, मला अजून माहीत नाही.