माझं डाएट आणि लेकीची जांभळी पट्टी

४ जून, सकाळ
लेकीच्या फिट्स गोळ्यांना दाद देईनात, म्हणून आजपासून तिचं केटो डाएट. डॉक्टर म्हणाले, मेंदू साखरेवर चालतो, तो आता चरबीतून होणाऱ्या कीटोन्सवर चालवून बघू. पेट्रोलची गाडी गॅसवर टाकतात तसं, हे मी बायकोला समजावलं. पोरगी आठ वर्षांची, एकटी कशी करेल? मीही करणार. बायको म्हणाली, तुला कुणी सांगितलंय? दुर्लक्ष केलं.

५ जून
नाश्त्याला लोणी, क्रीम, ऑम्लेट. बायको सगळं काट्यावर तोलते. दुपारी ऑफिसात केक. नाही म्हणणं बरं दिसत नाही. शिवाय वर आयसिंग, म्हणजे लोणीच.

९ जून
लघवीच्या पट्टीवर कीटोन्स कळतात; जितकी जांभळी, तितके जास्त. लेकीची गडद जांभळी. माझी आहे तशीच. पट्ट्यांची डबीच खराब दिसते. लेक म्हणाली, बाबा, माझी पण त्याच डबीतली आहे.

१४ जून
आठवडाभर फिट नाही. घरात आदर्श असला की फरक पडतोच. गाडीच्या कप्प्यात बिस्किटांचा पुडा ठेवलाय. इमर्जन्सीसाठी.

१८ जून
लेकीला खोकला. सिरप मीच आणलं, मीच दोन चमचे पाजलं. ती म्हणाली, गोड आहे, डाएटवाल्या मॅडमना विचार ना. म्हटलं, औषधाला कसलं आलंय डाएट? बाप आहे मी तुझा.

१९ जून, सकाळ
पट्टी फिकी. कुणीतरी पोरीला गोड चारतंय. संशय सासूबाईंवर. गुपचूप पर्स तपासली. चष्मा आणि रुमाल. बाई हुशार आहे.

संध्याकाळ
फिट आली. मी तिला कुशीवर वळवून धरून बसलो. फार घाबरलो. बायकोनं मॅडमना फोन लावला. त्यांनी सिरपची बाटली वाचायला सांगितली. बायकोनं मोठ्यानं वाचलं: साखर. सासूबाईंनी चहा दिला. बिनसाखरेचा.

२६ जून
पट्टी पुन्हा जांभळी. देव पावला. दवाखान्यात मॅडमनी लेकीला विचारलं, गोड खावंसं वाटतं का गं? ती म्हणाली, वाटतं. बाबाच्या गाडीत बिस्किटं असतात, पण मी मागत नाही. बाबाला डाएट झेपत नाही ना, त्याला लागतात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वजनकाट्याकडे बघत बसलो.

गाडीत बसल्यावर तिनंच कप्पा उघडून पुडा माझ्या हातात दिला. म्हणाली, दोनच हं बाबा.

तीन खाल्ली.