आत्याबाईंनी जुंपलेली गाडी

१ मार्च १८६४. अमरावती.

हे आजारी आहेत. अकोल्याच्या एका अडत्याचा माणूस कापसाच्या कामाने इकडे आला होता. त्याने मडमबाईंच्या दारात उभं राहून सांगितलं — तुमचा मास्तर शेषराव तापाने पडलाय, पोटात अन्न ठरत नाही, वातात बडबडतो. किती दिवस झाले? माहीत नाही. जवळ कोण आहे? तेही माहीत नाही. एवढं सांगून तो गेला. त्याचा कापूस खोळंबला होता.

दिवाळीनंतर शाळा काढायला म्हणून हे अकोल्याला गेले. मी उन्हाळ्यात जायचं ठरलं होतं. पाद्रीसाहेब नागपुरास गेलेले. मडमबाईंनी माझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना केली. मी डोळे मिटलेच नाहीत. त्यांच्या जोड्यांना लागलेली माती बघत राहिले.

२ मार्च.

गाडी नाही! सगळा बाजार पालथा घातला. अमेरिकेत लढाई लागल्यापासून विलायतेला आमचा कापूस हवा, आणि वऱ्हाडात ज्याच्या दारी दोन बैल तो राजा झालाय. कुणी म्हणे चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. माणूस न्यायला कुणाची गाडी रिकामी नाही. एकाने मला विचारलं, बाई, कापसाएवढी भरशील का? बाकीचे हसले. एक म्हातारा तयार झाला होता. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं, ही किरिस्तावाची बायको. त्याने मुकाट्याने बैल वळवले.

घरी येऊन शास्त्र उघडलं. दमलेल्यांनी, ओझ्याने वाकलेल्यांनी माझ्याकडे यावं, असं प्रभू म्हणतो. आले ना मी! गाडी कुठे आहे?

असं लिहू नये. पण यांनीच सांगितलंय, मनात येईल ते लिही, त्यानेच अक्षर सुधारेल. मला लिहायला यांनीच शिकवलं. आता लिहिते आहे ते वाचायला तरी हे घरी यावेत.

३ मार्च.

उद्या भातकुलीला जाते. आत्याबाईंकडे. दुसरं कुणाकडे जाऊ?

५ मार्च. भातकुली सोडल्यावर, वाटेत.

काल पहाटे निघाले, उन्हं चढल्यावर पोचले. पायाला फोड आलेत.

आत्याबाई म्हणजे माझी सासू, मनकर्णाबाई. हे त्यांचे एकुलते एक. तीन वर्षांमागे आमचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, मेलेल्याचं घेतात तसं, आणि गावाला सांगितलं की माझा लेक गेला. त्यानंतर त्या उंबऱ्यासमोर मी काल पहिल्यांदा उभी राहिले. आत गेले नाही. अंगणातूनच सगळं सांगितलं. त्या सरकी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

मी म्हटलं, तुमी नका येऊ, फकस्त गाडी द्या.

मग वर न बघताच म्हणाल्या, "माहा शेषू तीन वर्सं झाले मेला. मेल्याले कायची गाडी?"

मी निघाले. विहिरीपाशी बसले. पाणी शेंदायला दोर मागितला तर बायकांनी आपले दोर उचलून घेतले. या बायका माझ्या लग्नात नाचल्या होत्या. संध्याकाळी आत्याबाईंचा सालदार नत्थुजी आला. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा माणूस. मला शेतातल्या आपल्या खोपीत नेलं, भाकर दिली, दुरून. म्हणाला, "बाईनं सकाळी गाडी जुपाले सांगतली. मले काई इचारू नको."

सकाळी शेताच्या धुऱ्यावर गाडी उभी होती. आत्याबाई आधीच बसलेल्या. शेजारी पाण्याची घागर, भाकरींचं गाठोडं, अंथरायला घेतलेलं जुनं घोंगडं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, तू मांगं बस, अन घागरीले हात लावजो नको. मग नत्थुजीला म्हणाल्या, हाक.

बैल पाणी पितायत तोवर एवढं लिहिलं.

६ मार्च, रविवार. दर्यापूरच्या अलीकडे.

दिवसभर एक शब्द नाही. त्या पुढे तोंड करून, मी मागे. समोरून कापसाच्या गाड्यांची रांग येते, आम्हाला रस्ता सोडून शेतात उतरावं लागतं. काळ्या मातीतले चाकोरीचे खड्डे वाळून दगड झालेत. प्रत्येक हिसक्याला मला वाटतं, आत्ता, या क्षणाला गेले असतील.

आज प्रभुवार. माझ्याजवळ पुस्तक आहे पण गाडीत अक्षर धरत नाही. पाठ आहे तेच म्हणत राहिले. काहीच वाटलं नाही. तोंडात वाळकी सरकी चघळावी तसं.

७ मार्च. पूर्णेच्या काठी.

आज बोलल्या!

दुपारी मी मनाशी म्हणत होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, काय पुटपुटून राहिली? मी म्हटलं, देवाचे शब्द. कोणत्या देवाचे, ते त्यांना ठाऊकच होतं. एक कोस गेल्यावर म्हणाल्या, म्हन मोठ्यानं, बैलाले तरी आयकू दे.

पुस्तकातलं जड मराठी त्यांना कळलं नसतं. मला तरी पहिल्यांदा कुठे कळलं होतं? म्हणून घरच्या बोलीत सांगितलं — देव मानसाचे आसू पखालीत भरून ठिवते, आत्याबाई. एक थेंब सांडू देत नाई.

नदी आली. पाणी गुडघाभर, बाकी वाळू. नत्थुजी उतरून बैल धरून चालला. गाडी मधोमध असताना त्या मागे वळल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अन माहे? पानवठ्यावर जाऊन तोंड धूत होती म्या, कोनाले दिसू नये म्हनून. थे बी भरले असतीन?"

मी म्हटलं, "भरले असतीन."

पाद्रीसाहेब काय म्हणाले असते कोण जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं. आणि ते निघून गेल्यावर मीच पदराने डोळे पुसले. इतके दिवस ते वचन मी पाठ केलं होतं. आज दुसऱ्याला दिलं तेव्हा ते मला मिळालं.

९ मार्च. अकोला.

जिवंत आहेत.

ओळखत नाहीत. डोळे उघडे, पण माझ्यातून पलीकडे बघतात. अंग निखारा. ओठ फुटलेले. शेजारच्या विणकराची म्हातारी, तिला सगळे अम्मा म्हणतात, तिने इतके दिवस पाणी घातलं. तिची कोण मी, तिचे कोण हे! मी तिच्या पायाला हात लावला तर ती मागे सरली आणि रडली.

आत्याबाई आत आल्या नाहीत. अंगणात चिंच आहे, तिच्याखाली घोंगडं टाकलं, वेगळी चूल मांडली. तिथून दार दिसतं.

१० मार्च.

हे सकाळपासून वातात "आई, आई" करत होते. मी ओला फडका कपाळावर ठेवत होते. दारात सावली पडली. आत्याबाई आत आल्या, खाली बसल्या, यांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. किती वेळ बसल्या! यांची बडबड थांबली.

बाहेर गेल्यावर त्यांनी डोक्यावरून घागर ओतून घेतली. विटाळ गेला पाहिजे ना. पुन्हा आल्या, पुन्हा अंघोळ. ओल्या लुगड्याने दिवसभर.

१२ मार्च.

आज अंघोळ केली नाही. आल्या, बसल्या, उठून चुलीशी गेल्या, ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज केली आणि भांडं माझ्या हातात दिलं. त्यांचं भांडं. मी घेतलं.

यांच्या पोटात चार घोट राहिले.

१३ मार्च, रविवार.

कापसाच्या बाजारात पटकी लागलीय. गाडीवान पटापट मरतायत असं अम्मा सांगते. माल तसाच उघड्यावर पडून.

आत्याबाई आज म्हणाल्या, थे पखालीचं म्हन त्याच्यापाशी, त्याले आयकू येत असन. मी म्हटलं. हे झोपेत होते. त्या भिंतीला टेकून ऐकत होत्या, ओठ हलत होते. त्यांनी आपला विठोबा सोडलेला नाही, गळ्यातली माळ तशीच आहे. मला ती काढायला सांगावं असंही वाटलं नाही.

१५ मार्च.

आत्याबाई गेल्या.

काल सकाळी उलट्या सुरू झाल्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी धुतल्या कपड्यासारखी चुरगळली. नत्थुजी वैद्याकडे धावला, वैद्य गाव सोडून गेलेला. मी त्यांना चिंचेखालून आत आणलं. यांच्या अंथरुणाशेजारी निजवलं. मायलेक एका भिंतीशी, आणि हे वातातच.

त्यांना पाणी हवं होतं. नत्थुजी घागर घेऊन नदीवर गेलेला. माझ्या घागरीत पाणी होतं. मी म्हटलं, आत्याबाई, थो येतच असन. त्यांनी डोळे उघडले.

"पाज ना व माय."

मी पाजलं. नंतर त्यांनी हात लांब केला, यांच्या मनगटावर ठेवला. यांना काही कळलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याले उठव." मी हाक मारली, हलवलं, गालावर पाणी मारलं. हे उठले नाहीत. दिवेलागणीला त्यांचा हात तिथेच थंड झाला.

आज मोर्णा नदीच्या काठी नेलं. त्यांच्या जातीची दोन घरं आहेत इथे. नत्थुजीने जाऊन हात जोडले. पटकीच्या भीतीने कुणी येईना, आणि किरिस्तावाच्या घरात मेलेली म्हणून तर मुळीच नाही. मग नत्थुजीने गाडी जुंपली. त्यांचीच गाडी. विचारणाऱ्याला सांगत गेला, माही मालकीन. अम्मा यांच्याजवळ बसली आणि मी गाडीमागे चालत गेले. बायकांनी जायचं नसतं. पण मडकं धरायला दुसरं कुणी नव्हतं. आग नत्थुजीने दिली. म्हातारा मुलासारखा रडला.

मला प्रार्थना आली नाही. एक शब्द आला नाही.

१६ मार्च.

ताप तसाच. नत्थुजी चिंचेखाली नुसता बसून आहे. आत्याबाईंची चूल कुणी मोडलेली नाही.

१७ मार्च.

सकाळी रागाने पुस्तक उघडलं. भांडायलाच. मी दाराशी येऊन ठोठावलं, आणि तू एकाच्या बदल्यात एक घेतलंस का? असा सौदा करतोस? बाजारातल्या अडत्यात आणि तुझ्यात मग फरक काय? हे सगळं मोठ्याने बोलले. अम्माने पलीकडून विचारलं, किससे बात करती बेटी? मी म्हटलं, ज्याच्याशी नेहमी करते त्याच्याशी.

मग स्तोत्रं चाळत गेले. एके ठिकाणी आहे की ज्यांचं काळीज फुटलंय त्यांच्याजवळ देव असतो. कितीदा वाचलं असेल. आज दिसलं की दुःख काढून घेतो असं तिथे लिहिलेलंच नाही. जवळ असतो, एवढंच.

ते आधी मला पुरेसं वाटलं नसतं. पण या घरात मी पाहिलंय. एक बाई चार-पाच दिवस लेकाजवळ बसली. तिला त्याचा ताप काढता आला नाही, त्याला तिची ओळखही पटली नाही. तरी ती बसल्यावर त्याची बडबड थांबायची.

बराच वेळ रडले. बाप्तिस्म्याच्या दिवशीही अशी रडले नव्हते. मग उठून कण्या निवडल्या आणि पेज टाकली, आत्याबाई टाकायच्या तशी, मीठ शेवटी.

१८ मार्च.

दुपारी घाम फुटला. अंथरूण भिजलं. अंग गार. मी घाबरून अम्माला हाक मारली. ती हात लावून हसली. ताप उतरला! शांत झोपलेत.

नत्थुजीला सांगितलं. तो उठून बैलांपाशी गेला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

१९ मार्च.

डोळे उघडले. मला ओळखलं, माझं नाव घेतलं. दोन वाट्या पेज पोटात राहिली. मग हळूहळू, थांबत थांबत बोलले — "सत्यवती, मला आई स्वप्नात दिसत होती. रोज. माझं डोकं मांडीवर घेऊन बसायची. रागावलेली नव्हती गं. चालता यायला लागलं की भातकुलीला जाऊ. दारातून हाकललं तरी चालेल."

मी वाटी खाली ठेवली आणि सांगायला बसले.