कासूच्या शेतातील माझा हिस्सा, स्कूटर आणि खुर्ची

मी, मनस्वी जनार्दन कडू, वय एकतीस, राहणार पेण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. दबाव आहे, पण तो वेगळ्या कागदासाठी आहे. कलम ४ पाहावे.

१. मी अ‍ॅड. माधवराव लिमये यांच्या पेणच्या कार्यालयात जमीन-घरांचे खरेदी-विक्री व्यवहार सांभाळते. सातबारा तपासणे, मसुदा करणे आणि सर्व भावंडांना एकाच दिवशी नोंदणीला हजर करणे ही माझी कामे. तिसरे सर्वांत कठीण. रोह्याच्या पक्षकारांसाठी मी आठवड्यातून दोनदा वडखळवरून स्कूटरने जाते. या वयात मृत्युपत्र कशाला, असे विचारणाऱ्याने तो रस्ता एकदा पाहावा.

२. माझा मोजणीचा स्टील टेप माधवराव सरांना द्यावा. सर मसुद्यात 'अंदाजे' घालायला सांगतात. "मॅडम, शेत काय पळून जातंय का?" शेत जात नाही. बांध जातो.

माझी खुर्ची सहकारी तनया हिला हवी होती. पण ती या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, आणि ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार करायचे नाही, हा आमच्या कार्यालयाचा नियम. खुर्ची शिपाई नितेश यांना द्यावी. मी रजेवर असले की ते तिच्यातच बसतात.

३. बँकेतील शिल्लक आणि स्कूटर माझी आई अनिता हिला. आईला स्कूटर चालवता येत नाही. परंतु माझा भाऊ ऋत्विक याला चावी मागावी लागेल, एवढा उपयोग आहे.

४. मौजे कासू येथील वडिलोपार्जित शेतातील माझा एक तृतीयांश अविभक्त हिस्सा. चतुःसीमा: पूर्वेस रेल्वे, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस चुलत्यांचे शेत, उत्तरेस त्याच चुलत्यांनी हळूहळू सरकवलेला बांध.

वडील गेल्यावर ऋत्विकने या शेताला गिऱ्हाईक आणले आणि माझ्यासाठी हक्कसोडपत्र व साडी आणली. मी कागद वाचू लागले, तर म्हणाला, "वाचायचंय काय त्यात गो? सही कर न् मोकळी हो." दिवसभर मी दुसऱ्यांची हक्कसोडपत्रेच वाचते, हे तो विसरला असावा. साडी त्याच दिवशी बिलासह परत केली, त्यामुळे ती या मृत्युपत्राचा विषय नाही.

माझी आत्या धोंडुबाई सखाराम मोकल, राहणार रोहा, हिने असाच कागद वडिलांना करून दिला होता. ती सातवी शिकलेली आहे. वाचता येत होते, वाचू दिले नाही. तिच्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. रोह्याला गेले की मी तिच्याकडे जेवते. ती म्हणाली, "मनू, तुझ्या बापाशी मी कदी भांडले नाय गो. पन मडक्यात पोपटी लावायची म्हटली की वालाच्या शेंगा माझ्याच बापाच्या शेतातून मागून आणायच्या, ह्याची लाज वाटते."

सबब माझा हिस्सा आत्यास मिळावा. ती माझ्याहून अडतीस वर्षांनी मोठी आहे, याची मला कल्पना आहे. ती आधी गेल्यास तिची मुलगी सरू हिला मिळावा. मी आहे तोपर्यंत माझ्या हिश्श्यातील शेंगा आत्याने न विचारता तोडाव्यात. ही परवानगी आजपासून. हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही.

५. साक्षीदारांनी माझी सही होताना पाहायची असते. मजकूर वाचणे बंधनकारक नाही. तरीही हे शेवटचे कलम टाइप करण्यापूर्वी आधीची पाने मी दोघांपुढे धरली. तनयाने वाचली आणि कलम २ पाशी माझ्याकडे रोखून पाहिले. दुसऱ्याला मी विचारले, "दादा, वाचतोस का?"

मोबाईलमधून मान वर न करता तो म्हणाला, "वाचायचंय काय त्यात? आण गो, कुठं करू सही?"

ठिकाण: पेण
दिनांक: ९ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: मनस्वी जनार्दन कडू

आमच्यासमक्ष सही केली:
१. तनया विनायक साठे, राहणार पेण
२. ऋत्विक जनार्दन कडू, राहणार कासू