खिळा नसलेली खोली

प्रिय सावकाश,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न फोडताच टाकून द्यावं असं तुझ्या मनात आलं असेल. आलं असेल तर तुझी चूक नाही. पण निदान पहिलं पान वाच, कारण पहिल्या पानावर पाखरं आहेत. अगं, दोन आठवड्यांपूर्वी मी एका मुठीएवढ्या पाखराला पश्चिमेलाच दक्षिण समजायला लावलं! आणि कशानं, तर आपल्या तांब्याच्या तारेनं! अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहायला बसले तर पेन माझ्यापुढे धावतंय. आपल्या हेडमिस्त्रींनी मला ‘घाई’ आणि तुला ‘सावकाश’ अशी नावं ठेवली ती काही उगाच नाही.

झालं असं, की दीड महिन्यापूर्वी भर दुपारी एक बाई आपल्या मोटार-वाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये आल्या. बुटांना चिखल, गळ्यात दुर्बीण, केस वाऱ्यानं विस्कटलेले. मला वाटलं मिक्सर जळला असेल. त्या म्हणाल्या, “माणसाच्या उंचीची कॉइल गुंडाळून द्याल का?” मी विचारलं, कसली मोटार आहे एवढी? तर म्हणाल्या, “मोटार नाही. मध्ये पाखरू बसणार आहे.” टेबलावरच्या आमच्या पोरी तोंडावर हात धरून हसायला लागल्या. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरत नव्हतं. मग त्या पाखरंवाल्या बाईंनी स्टूल ओढलं, आमच्याच जॉबकार्डाच्या पाठीवर चित्र काढलं आणि सांगायला लागल्या. दहा मिनिटांत सगळ्यांचे हात थांबले.

तुला ठाऊक आहे का, दोन चमचे साखरेइतक्या वजनाची पाखरं दर वर्षी हजारो मैल उडून जातात आणि बरोबर त्याच झाडावर परत येतात? सूर्य बघतात, तारे बघतात, हे मीही ऐकलं होतं. पण त्यांना बंद खोलीत ठेवलं, आभाळाचा तुकडासुद्धा दिसू दिला नाही, तरी निघायचा मोसम आला की ती त्याच दिशेला उड्या मारतात. कारण पृथ्वी म्हणजे एक भलामोठा चुंबक आहे आणि तो त्यांना जाणवतो. कसा जाणवतो, डोळ्यांत की आणखी कुठे, यावर मोठमोठ्या लोकांचे अजून वाद चाललेत म्हणे. आणि हा पृथ्वीचा चुंबक इतका अशक्त, की फ्रिजच्या दारावर कागद धरून ठेवणारा चुंबक त्याच्या शंभरपट जोरदार असतो. तेवढ्याशा ओढीवर ते चिमूटभर जनावर समुद्र ओलांडतं! बाईंना दोन मोठ्या चौकटींवर तार गुंडाळून हवी होती. चौकटी समोरासमोर ठेवायच्या, त्यांतून वीज सोडायची, म्हणजे मधल्या जागेत पृथ्वीची उत्तर दिशा हवी तिकडे वळवता येते. मग बघायचं, पाखरू कोणाचं ऐकतं.

त्या संध्याकाळी घरी गेले ती भाचीचं खेळण्यातलं होकायंत्र घेऊन घरभर हिंडले. पंखा, पाण्याचा पंप, रेडिओचा स्पीकर, दाराची घंटा, सगळीकडे सुई थरथरायची. पंख्याची मोटार, कणीक मळायचं यंत्र, फोनमधला आवाज, सगळ्यांच्या पोटात चुंबक बसलेला. नवरा म्हणाला, “बरी आहेस ना?” मी म्हटलं, तीस वर्षं आपण तारा गुंडाळतोय असं वाटत होतं, खरं तर मी चुंबक बनवत होते आणि त्याचा कधी विचारच केला नव्हता. हे मला त्या क्षणी कोणाला सांगावंसं वाटलं असेल, ते तूच ओळख. नवऱ्याला नाही.

बाईंची प्रयोगाची खोली म्हणजे गावाबाहेरच्या माळावर बांधलेली लाकडी झोपडी. तिच्यात एक खिळा नाही! सगळं लाकडाच्या खुंट्यांवर उभं. एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी ती दोन महिने खपून बांधली. आत जायचं तर दारातल्या टोपलीत लोखंड काढून ठेवायचं. किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं. पहिल्या दिवशी माझ्या केसांतून सात चिमटे निघाले, तरी मी जवळ गेले की सुई हलायचीच. शेवटी खिशात आपला स्क्रूड्रायव्हर सापडला. सुतारकाका म्हणाले, “या बाई आहेत की हार्डवेअरचं दुकान?”

गुंडाळायला दोन दिवस लागले. चौकट लाकडी घोड्यांवर आडवी ठेवायची आणि रीळ हातात घेऊन आपणच तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या. एकेका चौकटीवर साठ वेढे. पोरी मोठ्यानं मोजायच्या आणि मी फिरायचे. दुसऱ्या दिवशी पाय नुसते ठणकत होते, पण काय सांगू, लग्नात नाचले नाही एवढी मी त्या चौकटींभोवती नाचले. टोकं पितळी स्क्रूंखाली आवळली, चौकटी उभ्या केल्या, बाईंनी मधल्या फळीवर होकायंत्र ठेवलं आणि बटण दाबलं.

सुई ढिम्म.

परत दाबलं. वीज वाढवली. तारा गरम व्हायला लागल्या, पण सुई जशी होती तशीच उत्तरेला. बाईंचा चेहरा बघवेना. पाखरं आमच्या भागातून जेमतेम दोन आठवडे जातात, त्यातले पाच दिवस उलटले होते. आधीची दोन वर्षं काही ना काही बिघडून वाया गेलेली, आणि हे शेवटचं, असं पैसे देणाऱ्या संस्थेनं त्यांना स्पष्ट सांगून ठेवलेलं. वीजपुरवठा तपासला, ठीक. तार तपासली, कुठे तुटलेली नाही. मग घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते त्यांना सुचलं. म्हणाल्या, लाकडात कुठेतरी लोखंड राहिलंय, तेच सुईला धरून ठेवतंय. आणि त्यांनी सुतारकाकांकडे बघितलं. काका ताठ झाले. “बाई, एक टाचणी निघाली तर उद्यापासून हातात करवत धरणार नाही.” पण बाई ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. शेवटी दोघं बाहेर गेले, झोपडीच्या खुंट्या एकेक करून काढून बघायला. पोरी त्यांच्यामागे गेल्या. आत मी एकटी.

तेव्हा मला तू आठवलीस. म्हणजे तुझा हात आठवला. मोटारीचं झाकण लावायच्या आधी तू ते छोटं होकायंत्र एकेका कॉइलवरून फिरवायचीस, सुई या कॉइलला एकीकडे, पुढच्या कॉइलला दुसरीकडे, सगळं क्रमानं होतंय ना बघायचीस, आणि मी म्हणायचे, चल गं, दुकान बंद व्हायची वेळ झाली. मी फळीवरचं होकायंत्र उचललं आणि पहिल्या चौकटीच्या तोंडाशी धरलं. सुई झटक्यात वळली. दुसरीच्या तोंडाशी नेलं. सुई वळली, पण नेमकी उलट्या दिशेला! दोन्ही चौकटी अगदी ठणठणीत होत्या आणि एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या. रस्सीखेचीत दोन्हीकडे सारखे गडी असले की दोर जसा जागचा हलत नाही, तसं मध्ये सगळं शून्य. दुसऱ्या चौकटीची टोकं मी घाईत उलटी जोडली होती. मी. दुसरं कोणी नाही.

आता खरं सांगते. दोन टोकांची अदलाबदल करायची, चार मिनिटांचं काम. बाहेर करवतीचा आवाज चालू होता. मी जोडून टाकलं असतं आणि हाक मारली असती, अहो, बघा, चाललं की, खुंटी काढल्यानं फरक पडला वाटतं! कोणाला कळलं असतं? मी एक स्क्रू सैलसुद्धा केला. आणि तेवढ्यात बाहेरून काकांचा आवाज आला. मघाचा ताठा पार गेलेला. ते बाईंना म्हणत होते, “वय झालंय आता. असेल माझ्याच हातून काही राहिलं.”

सावकाश, हे तुझंच वाक्य होतं. शब्दाला शब्द तोच. तो स्क्रू तसाच टाकून मी बाहेर धावले आणि ओरडले, “काका, करवत ठेवा खाली! चूक माझी आहे. मी उलटं जोडलंय.”  काकांनी करवत खाली ठेवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, “आधी सांगायचं ना बाई, चार खुंट्या फुकट गेल्या माझ्या.” पाखरंवाल्या बाईंनी एवढंच विचारलं, “म्हणजे कॉइल चांगल्या आहेत?” मी म्हटलं, एकदम. “मग आधी जोडा. रागवायचं नंतर बघू.” आणि त्यांनी आधी काकांची माफी मागितली, आमच्या सगळ्यांच्या देखत.

जोडलं. बटण दाबलं. सुई उठली आणि थेट पूर्वेला जाऊन उभी राहिली! पोरींनी असा गलका केला की झोपडीच्या छपरावरचे कावळे उडाले. दिवस कलता कलता बाईंनी पहिलं पाखरू आणलं. इवलंसं, पाठ सुकल्या गवताच्या रंगाची, छाती धडधडतेय. त्याला कागदाच्या नरसाळ्यात सोडतात, वरून झाकतात. ते उड्या मारतं तेव्हा नखांचे ओरखडे कागदावर उठतात, जिकडे ओरखडे जास्त तिकडे त्याला जायचंय. एक तास आम्ही बाहेर गवतात बसलो, कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मग बाईंनी कागद आणून उलगडला. या दिवसांत ती पाखरं दक्षिणेला निघतात. कागदावर सगळे ओरखडे पश्चिमेला! आपण उत्तर पूर्वेला नेऊन ठेवली होती ना, मग त्या बिचाऱ्याच्या हिशेबात दक्षिण पश्चिमेलाच आली. त्यानं आभाळाचं नाही, सवयीचं नाही, आपल्या साठ साठ वेढ्यांचं ऐकलं! पुढच्या आठ दिवसांत चौदा पाखरं झाली, त्यांतल्या अकरांनी तेच केलं. बाई मला मिठी मारून रडल्या, मग हसल्या, मग परत रडल्या. एकेका पाखराचं काम झालं की त्याला लगेच बाहेर सोडायचो. दारातून सुटलं की क्षणभर घोटाळायचं आणि मग सरळ दक्षिणेला, जसं काही झालंच नाही. दर वेळी मी टाळ्या वाजवायचे. काका म्हणायचे, “अहो, घाबरेल ते.”

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. अकरा वर्षांपूर्वी आपण गुंडाळून दिलेली इस्पितळाच्या पंपाची मोटार जळली, दोन मजले बादल्यांनी पाणी चढवावं लागलं, ठरलेली ऑपरेशनं पुढे गेली, आणि वर्कशॉपच्या मालकांनी आपल्या दोघींना उभं करून विचारलं, शेवटचं जोडकाम कोणाचं? मोटारीच्या जॉबकार्डावर तुझं नाव होतं, कारण सुरुवात तू केली होतीस. पण तुला ताप आला म्हणून तू दुपारी घरी गेलीस आणि शेवटच्या कॉइल मी जोडल्या. घाईत कार्डावर नाव बदललं नाही. तापाच्या गुंगीत आपण काय केलं हे तुला धड आठवत नव्हतं. तू म्हणालीस, “असेल माझ्याच हातून.” मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी ती जळकी मोटार उघडून बघितली. उलटी होती ती कॉइल माझी होती, गाठ माझ्या हातची होती. तरीही मी गप्प बसले. तू गेलीस, तुझी खुर्ची मला मिळाली, आणि मालक थकल्यावर वर्कशॉपही. तू औषधांच्या कारखान्यात खोकी भरतेस असं तुझ्या धाकट्या बहिणीकडून कळलं, आणि तुझ्या हातांनी खोकी भरावीत याला कारण मी आहे. काल मी मालकांना त्यांच्या घरून रिक्षात घालून वर्कशॉपमध्ये आणलं, पोरींना कामं थांबवायला सांगितली आणि हे पत्र इथपर्यंत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं.   मालक म्हणाले, “तिला एकदाही नीट विचारलं नाही मी. पत्ता आहे का तिचा?” मी म्हटलं, आहे. “मग पेन दे इकडे.” त्यांचा हात आता फार कापतो. पानाच्या तळाशी जी वाकडी सही दिसतेय, ती त्यांची आहे.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
घाई