ताईचा वाटा

दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
ताईचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तुझा निरोप पोचला.

त्या सकाळी मी पिंप घासत होते. हे आतून ओरडले, "माझा पाना कुठं ठेवलास?" मी म्हटलं, "तुम्ही टाकलात तिथंच." पाना मोरीत सापडला. चहा अर्धा ठेवून, खांद्यावर लोखंडी पाइप घेऊन हे दवाखान्यातली गळती काढायला निघाले. नाक्यावरच्या परदेशी शिपायाला तो पाइप बंदूक वाटला. पुढचं तुला माहीत आहे, खांदा तूच दिलास. तरी लिहिते, कारण तुझ्या निरोपात त्याबद्दल एक शब्द नाही.

काल रेडिओवर तुला ऐकलं. त्यांचं सैन्य जाणार, कारभार आपल्या हाती येणार, सगळे देश कबूल झाले. आपल्या घरात भाजी कोणती करायची यावर तिघांचं एकमत व्हायचं नाही, आणि तू एवढ्या देशांना एका कागदावर आणलंस. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुमचा भाऊ दगडाकडूनही हो वदवून घेईल." मला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

'सार्वभौमत्व' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ह्यांनाच अर्थ विचारला होता. म्हणाले, "आपल्या मोरीचं पाणी आपण म्हणू तिकडं जाणं." मी हसले होते.

लहानपणी दोघं थोरले भाऊ खाऊवरून भांडले की तू माझा वाटा त्यांच्यात वाटून भांडण मिटवायचास. आई म्हणायची, "हा मोठा मुत्सद्दी होणार!" वाटा माझा, कौतुक तुझं. ताई रडत नाही, हे तू तेव्हाच हेरलं होतंस.

त्याआधी, गुरुवारी, तुझा फोन आला होता. त्या शिपायावरचा माझा खटला उभा आहे तोवर त्याचा देश सही करणार नाही, म्हणालास. "ताई, मी काही सांगत नाही, फक्त परिस्थिती कानावर घालतोय." तू नेहमी परिस्थितीच कानावर घालतोस रे.

संध्याकाळी तुझे वकील खटला मागे घ्यायचे कागद घेऊन आले. भला माणूस, चपला दाराबाहेर नीट लावून आत आला. मी म्हटलं, "मला विचार करू द्या." तो गोंधळला. "पण बाई, साहेबांनी मंगळवारीच तुमच्या वतीनं शब्द दिलाय."

मी त्याला पाणी दिलं.

विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. दोन दिवस घेतले असते, तुला चार शब्द सुनावले असते, पण हो म्हटलं असतं. आता ते हो माझं राहिलंच नाही, याची चुटपुट जात नाही.

सैन्य जाईल त्या दिवशी पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेवलीस, असं कळवलंस. मी येणार नाही. झेंडा चढताना तू वळून माझ्याकडे बघशील आणि मला तुझ्यासाठी हसावं लागेल. ते अजून जमणार नाही.

मग खटल्याचं काय केलं, ते सांगते. वकील गेल्यावर दारात उभी होते. ह्यांचे जुने जोडीदार कामावरून परतत होते. केस पिकले, पण अजून पाइप वाहतात. पाइपाच्या टोकाला पांढरं फडकं बांधलेलं होतं. ह्यांच्यानंतर गावातले सगळे प्लंबर तसं बांधतात, नाक्यावरून लांबूनच दिसावं म्हणून. मी म्हटलं, "फडकं मळलंय, भाऊजी." ते म्हणाले, "मळलं तर धोका, वहिनी. द्या एखादं जुनं धुतलेलं." मी ह्यांचा सदरा फाडून दिला. फाडताना मनात आलं, नाका उठला की हे बांधावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप घासलं, पाणी भरलं, कोर्टात गेले आणि खटला मागे घेतला.

तरीही तुझीच,
ताई